उंडीच्या बिया सुकायला वेळ लागतो

आई,

मंगळवारी सकाळी तुझं उंडीचं तेल पास झालं. तू जाऊन बत्तीस वर्षं झाली, तेव्हा ही कसली परीक्षा आणि ती कुणी घेतली, ते आधी सांगायला हवं.

तू होतीस तेव्हा मी एमएस्सीच्या पुस्तकांत बुडालेली. आता करते ते काम पुढे सुरू झालं. बोर्लीच्या बाजारातला कासार आठव. बाईचा हात नुसता बघून तो बांगडीचं माप सांगायचा. आमचा कॉम्प्युटर तेच करतो. जखम चिघळवणाऱ्या जंतूत एक प्रथिन असतं, ते अडवलं तर जंतूची वाढ थांबते. त्या प्रथिनाचा आकार म्हणजे हात, आणि औषधी झाडांमधली हजारो रसायनं म्हणजे बांगड्या. कुठली नीट बसेल ते कॉम्प्युटर सुचवतो. पण कासारालाही शेवटी बांगडी हातात चढवून बघावी लागायचीच ना, तसं आम्हालाही प्रयोगशाळेत खरं-खोटं करावं लागतं.

गेल्या दिवाळीनंतर माझी एक विद्यार्थिनी, विदर्भातली, समुद्रही धड न पाहिलेली, यादी घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, सगळ्यांत छान बसतंय ते या झाडातलं." तिनं झाडाचं लॅटिन नाव वाचलं आणि मी खुर्चीतून उठलेच. "अगं, ही तर आमची उंडी!"

मला आपलं मागील दार दिसायला लागलं. तू सुपात उंडीच्या बिया पसरते आहेस, कावळ्यांना हाकलते आहेस, आणि पायरीवर मासे विकणारी ती म्हातारी बसली आहे. "वैनी, बघा ना, चालवत न्हाय." तिच्या टाचेची भेग कोमट पाण्यानं धुऊन तू काळपट हिरवं तेल लावतेस. तेलाच्या उग्र वासानं मी नाक दाबते. तुझ्याकडे कसली पदवी नव्हती. तुझ्या सासूनं दाखवलं तसं तू करायचीस, आणि जखम खोल असली तर त्याच बाईला एसटीत बसवून श्रीवर्धनच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जायचीस.

त्याच पायरीवर तू मला एकदा झापलं होतंस. मी नववीत, शाळेत विज्ञान प्रदर्शन, आणि मला दोन दिवसांत उंडीचं तेल काढून दाखवायचं होतं. ताज्या बिया फोडल्या, वरवंट्यानं ठेचल्या, फडक्यात घालून पिळल्या. हाताला नुसता पांढरा चिकट लगदा लागला. मी ऐटीत जाहीर केलं, "आई, यात तेल नसतंच!" तू भाकरी थापत होतीस. पिठाच्या हातानंच बाहेर आलीस. "अगो, तेल नाही असं म्हणू नकोस. मला मिळालं नाही, असं म्हण. दीड-दोन महिने उन्हात पडल्याशिवाय उंडी कुणाला तेल देत नाही." प्रदर्शन बुडालं. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

तर यादी पाहिल्यावर मी त्या मुलीला घेऊन आपल्या गावी, दिवेआगरला गेले. मधे काही वर्षांपूर्वी आलेल्या वादळानं आपली निम्मी सुपारी आडवी केली होती. वाडीत आता नवी रोपं आहेत, माझ्या खांद्याएवढी. किनाऱ्याजवळची उंडी मात्र एका अंगाला कलून उभी आहे, आणि खाली बियांचा सडा. आपल्याकडे नारळ पाडायला यायचे ते काका भेटले. आम्हाला ओणव्यानं बिया वेचताना पाहून हसले. "तुमची आय पन अशीच वाकलेली असायची हितं." आम्ही पोतं भरून आणलं. ती मुलगी वाटेत चार वेळा लाटांत पाय भिजवून आली.

आणि आई, मी काय केलं असेल? घाई! परतल्या परतल्या ताज्या बियांचा अर्क काढला. जंतू वाढवलेल्या बशीत अर्कात भिजवलेली कागदाची टिकली ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर टिकलीला अगदी चिकटून जंतू मजेत वाढलेले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मुलीचे डोळे भरून आले. "मॅडम, यात काही नाहीच. कॉम्प्युटर चुकला." त्या क्षणी तुझे पिठाचे हात माझ्यासमोर आले. मी इतक्या मोठ्यानं हसले की शेजारच्या खोलीतले लोक डोकावले.

मग उरलेल्या बिया आम्ही इमारतीच्या गच्चीवर वर्तमानपत्रांवर पसरल्या. माझे सहकारी विचारायचे, "पापड घातलेत का?" वॉचमन कबुतरं हाकलायचा. पांढरा गर हळूहळू तांबूस झाला, मग तपकिरी, मग बोटाला चिकटणारा. एके दुपारी तोच उग्र वास गच्चीभर पसरला आणि या वेळी मी नाक दाबलं नाही.

सोमवारी त्या बियांचं तेल काढून टिकली त्यात भिजवली, आणि मंगळवारी बशी उघडली. टिकलीभोवती स्वच्छ, गोल, मोकळं कडं! एकाही जंतूनं आत पाऊल टाकलेलं नव्हतं. तीन बश्या, तिन्हींत तसंच. ती मुलगी किंचाळली आणि मी पंचावन्नाव्या वर्षी तिचे हात धरून प्रयोगशाळेत फुगडी घातली. हे औषध नव्हे, मला ठाऊक आहे. आम्हाला हवं तेच रसायन हे करतंय का, ते माणसाला सोसेल का, पुढे वर्षानुवर्षांचं काम आहे, कदाचित काही निघणारही नाही. पण फुगडी घालायला एवढं पुरेसं होतं.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून एक गोष्ट कबूल करून टाकते. पेढे खाताना मुलीनं विचारलं, "मॅडम, बिया सुकवायचं तुम्हाला सुचलं कसं?" मी म्हटलं, "सुचलं असंच." तिनं माझ्याकडे एवढ्या कौतुकानं पाहिलं, की आई, मला ते फार आवडलं. मी आणखी एक पेढा उचलला.