कपाळावरचा बाण

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार
पापडीच्या नेत्रसंशोधन केंद्रात आज नोंदी ठेवायला रुजू झाले. माझ्या खिडकीबाहेर केळीची वाडी आहे. ग्रेसी सिस्टरनं पहिल्याच दिवशी डब्यातले दोन फुगे, इथले तळलेले गोड गोळे, माझ्या हातावर ठेवले आणि साताऱ्याच्या माणसाला गोड चालतं का, असं विचारून हसली.

काम मोठं आहे. इथं येणाऱ्या काही घराण्यांत डोळ्यांचा आजार पिढ्यानपिढ्या उतरत आलाय. आधी रातांधळेपणा, मग पूर्ण अंधार. बिघडलेल्या जनुकाची निरोगी प्रत सुईनं डोळ्याच्या पडद्याखाली सोडायची. सुई फक्त खराब डोळ्यात. चांगल्याला हात लावायचा नाही. चूक होऊ नये म्हणून डॉक्टर चंद्रहास त्या डोळ्याच्या भुवईवर शाईनं बाण काढतात. किती साधी, शहाणी रीत!

५ फेब्रुवारी
एकोणीसला केंद्राची सरकारी तपासणी आहे, म्हणून अकराही रुग्णांच्या फायली वाचल्या. दहा जण सुधारले. अकरावी इझाबेल, मोगऱ्याचे गजरे करायची. डोळे तपासल्याच्या कागदावर खराब डोळा डावा. शस्त्रक्रियेच्या कागदावर सुई उजव्यात.

ग्रेसीला विचारलं. तिनं दार लोटून घेतलं, मग सगळं सांगितलं. गेल्या वर्षीचा राखेचा बुधवार होता, ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस. इझाबेल चर्चमधून सरळ इथं आली, कपाळावर राखेचा क्रूस. बाण काढून झाल्यावर डॉक्टरांना राख दिसली. आत धूळ नको, पुसा, म्हणाले. इझाबेल म्हणाली, "राख पुसू नको गो बाय. ती आपली आपण जाऊ द्यायची असते."

ग्रेसीनं ओल्या कापसानं पुसली. राखेबरोबर बाणही गेला. डॉक्टरांनी घाईत, फाईल न बघता, तो पुन्हा काढला. उजवीकडे.

चांगला डोळा सुजून गेला. दोन महिन्यांनी इझाबेल स्वतःच्याच वाडीतल्या विहिरीत पडून मेली. डोळा जाण्याचं कारण फाईलमध्ये लिहिलंय: आजाराची नैसर्गिक वाढ.

९ फेब्रुवारी
डॉक्टरांनी इझाबेलचे डोळे तपासल्याचा कागद नव्यानं लिहायला सांगितला. 'डावा'च्या जागी 'उजवा'. मी भांडले. ते शांतपणे म्हणाले की संशोधन बंद पडलं तर शेकडो मुलं आंधळी होतील, त्याचं पाप कोणाच्या माथी? मी कॉलेजात मुक्या माणसांच्या हक्कांवर भाषणं ठोकून ढाली जिंकल्यात. आज एका मेलेल्या बाईचं तोंड मीच दाबलं. सुवाच्य अक्षरात.

१२ फेब्रुवारी
इझाबेलचा नवरा व्हॅलेरियन आला होता. दारातच उभा राहिला.

"माझ्या बायकोचा खराब डोळा कुठला होता, तेवढंच सांगा."

उजवा, म्हणाले मी.

तो रागावला नाही. चर्चमधून मिळालेली झावळी वर्षभर घरात ठेवतात, पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी तिचीच राख करून कपाळाला लावतात, असं सांगितलं. मग म्हणाला, "तिच्या उशाशी होती ती झावळी यंदा राखेला दिली. येईल ती."

झावळी येईल की इझाबेल, हे विचारायचं धाडस झालं नाही.

१४ फेब्रुवारी
डॉक्टरांच्या उजव्या भुवईवर राखाडी डाग. बाणासारखा. त्यांनी रुमालानं पुसला. दुपारी परत आला. परत पुसला. संध्याकाळी म्हणाले, उजवीकडून अंधुक दिसतंय.

१६ फेब्रुवारी
डॉक्टरांचा उजवा डोळा गेला. डोळा तपासला, दोष काही नाही. आज डाग डाव्या भुवईवर होता. ते आरशासमोर घासत होते, कातडी सोलेपर्यंत.

ग्रेसी काल व्हॅलेरियनच्या घरी जाऊन गुडघ्यांवर बसली, सगळं कबूल केलं. तिचं कपाळ स्वच्छ आहे.

मीही सांगेन. पण एकोणीसची तपासणी होऊन जाऊ दे. आत्ताच नोकरी लागलीय —

१७ फेब्रुवारी
सकाळी आरशात. उजव्या भुवईवर.

पुसला. हात आपोआपच गेला. बोटाला राख, वास मोगऱ्याचा. तासाभरात परत. पुसायचा नाही, नाही पुसायचा — पुसला.

ग्रेसी फोनवर रडली. म्हणाली, पुसू नकोस, खरं लिही, त्याच कागदावर लिही.

उजवीकडची अक्षरं गळताहेत.

१८ फेब्रुवारी. राखेचा बुधवार
दुपारचे बारा. फाईल समोर आहे. लख्ख ऊन, आणि मला अर्धंच टेबल दिसतंय.

डॉक्टर आतल्या खोलीत भिंत चाचपताहेत. चाचपू देत. त्या बाईनंही अशीच विहीर चाचपली असेल. आमच्यावर दया कोणी का करावी?

मागे कोणीतरी आहे.

ओला कापूस. कपाळावर. हळुवार, सिस्टर फिरवते तसा — मी हात लावलेला नाही, इझाबेल मावशी, मी नाही पुसलं —

आता डाव्या भुवईवर बोट. वरून खाली. बाण.

कागद सापडत नाही. फाईल कुठली, वही कुठली — इथंच लिहिते, ऐका, थांबा, खरं लिहिते. इझाबेलचा खराब डोळा डावा होता. आम्ही सुई दिली उज