सॅमनचा पाइ आणि मागची खोली

३ फेब्रुवारी

पैज लावली! जेवताना, तोंडात घास असताना. ताईने पुन्हा मागच्या खोलीचं कौतुक सुरू केलं होतं. तिच्या घराची मागची खोली — पूर्वेची खिडकी, शेजारीच स्नानगृह, पलंगाला कठडा. कठडा! एक्कावन्न वर्षांच्या बाईला पाळण्यात घालायचंय तिला. माझ्या या घरासाठी भाडेकरूही शोधून ठेवलाय. "शांत जोडपं आहे गं." असू दे. माझ्यानंतर भिंतींनाही विश्रांती हवीच.

मेंदूतल्या गुठळीने माझा डावा हात नेला आणि जीभ ठेवली. घरच्यांना उलट चाललं असतं.

"एकटीने साधा चहा तरी होतो का तुझ्याच्याने?" — ताई. दीड महिना माझ्याकडे मुक्काम ठोकून माझी सेवा करतेय, म्हणून विचारायचा हक्क. मी म्हटलं, चहा सोड. सॅमन मासा आणि भाताचा पाइ करते. अख्खा, पफ पेस्ट्रीत गुंडाळलेला. पेस्ट्रीसुद्धा घरची. रविवारी भावजींना जेवायला बोलाव. कापल्यावर उभा राहिला तर तू तुझ्या घरी जायचं. मोडला तर मी तुझ्या मागच्या खोलीत, कठड्यासकट.

"लाव पैज."

टाळीसाठी मी मुद्दाम डावा हात पुढे केला. म्हणजे उजव्याने उचलून टेबलावर ठेवला. तिने टाळी दिली, पण पापड मोडेल या भीतीने द्यावी तशी!

४ फेब्रुवारी

हा पाइ मी जन्मात केलेला नाही. एकदा एका लग्नात खाल्लाय. ताईला हे कळता कामा नये.

६ फेब्रुवारी

मासेवाल्याकडे एकटी गेले. "सोबत कोणी नाही आलं?" तो ओरडलाच. लुळा हात दिसला की लोक मोठ्याने बोलायला लागतात — जशी काही मी हातानेच ऐकते. मीही तेवढ्याच आवाजात सांगितलं, "सॅमन द्या! कातडी काढून!" अख्खं दुकान वळून बघायला लागलं. मग हळू आवाजात म्हणाला, "काटे काढून देऊ का?"

द्या म्हटलं. काटे पैजेत धरलेले नाहीत. नियम मी केलेत.

७ फेब्रुवारी

पेस्ट्री! लोण्याची लादी पिठात गुंडाळायची, लाटायची, तिहेरी घडी घालायची, फ्रिजमध्ये ठेवायची, काढून पुन्हा तेच. लोणी विरघळलं की खेळ खलास. एका हाताने लाटणं फिरवलं की ते गोल पळतं आणि पीठ त्याच्यामागे. पहिली लाटी जमिनीवर. दुसरीचा नकाशा झाला.

मग डावा हात उचलून पिठाच्या कडेवर ठेवला, नुसता वजन म्हणून. पीठ जागचं हलेना! आणि लोणीही विरघळेना. गुठळी झाल्यापासून हा हात चोवीस तास बर्फ. ताई त्याला मोजे घालते, गरम पिशवीने शेकते, तेल चोळते, वर उसासे टाकते. आणि पेस्ट्रीला हवा असतो तो असाच गार हात. निकामी म्हणे!

ताई दारात उभी. "मी नुसतं धरते ना."

"नाही."

"अगं, फक्त कोपरा."

"ताई, तुझे हात म्हणजे तापलेला तवा. लांब हो, लोण्याला घाम फुटतोय."

हसली. मग पदराने नाक पुसत बाहेर गेली. सर्दी नव्हती तिला.

८ फेब्रुवारी

भात, शेपू, उकडलेली अंडी, परतलेले मशरूम, मधोमध मासा, वरून पेस्ट्रीची शाल. सुरीच्या टोकाने वर खवलेसुद्धा कोरले. भावजी ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसले, सिनेमाला बसावं तसे. ताई त्यांच्या मागे उभी.

फुगला. सोनेरी झाला. भावजी म्हणाले, "वा!"

आणि कुशीतून फुटला. फस्सदिशी! अर्धा भात ट्रेमध्ये, मासा खिडकीतून डोकावल्यासारखा बाहेर. खवले कोरण्याच्या नादात वर भोक ठेवायचं राहिलं.

"वाफेला वाट नको का ठेवायला?" — ताई.

"हेच मी दीड महिना सांगतेय तुला!"

चमच्याने खाल्ला तिघांनी. भावजींनी तीनदा वाढून घेतला. "चव काही मोडलेली नाही," म्हणाले. ताईने डोळे वटारले तसे पुन्हा ताटात शिरले.

"हरलीस," ताई.

"हरले."

"मग बॅग भरूया?"

"तुझी भर."

"शब्द फिरवतेस?"

"फिरवते. एका पाइवर घर लावलं हा माझा मूर्खपणा. पाइ फुटला म्हणून बाईने घर सोडायचं? आणि जमला असता, तर तू मला राहायची परवानगी देणार होतीस? माझ्याच घरात?"

ती अगदी बारीक आवाजात, "तुला काही झालं तर?"

"झालं तर होईल. इथे होईल."

भावजी ट्रे खरवडत होते.

९ फेब्रुवारी

ताई गेली. रुसून, पण उरलेला पाइ डब्यात घालून. "ह्यांना आवडला म्हणून." भाडेकरूला नाही म्हणून कळवलं, तेही जाता जाता, पायरीवर उभं राहून, मला ऐकू जाईल अशा बेताने.

चहा केला. सांडला. उरला तो प्यायले. फक्कड!

१३ फेब्रुवारी

स्नानगृहात पडले. फोन बाहेर वाजत राहिला, थांबला, परत वाजायला लागला. आधी कोपरावर. मग बादलीला धरून गुडघ्यावर. मग भिंतीला टेकून. उठले.

ताईच होती. "इतका वेळ उचलला का नाहीस?"

"हात पिठात होते," म्हटलं.