पलंगावरचा ओला टॉवेल

प्रिय अहो,

अकरा वर्षं नुसत्या ‘अहो’वर भागलं. आज ‘प्रिय’ लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते कळेना, म्हणून दोन्ही लिहून टाकलं. हसू आलं असेल तर हसा, मीही हसले.

आधी बातमी सांगते. परदेशी रहिवाशांच्या खात्याचं पत्र आलंय, दोघांच्या नावाने. येत्या गुरुवारी सकाळी त्यांची दोन माणसं घर तपासायला येणार आहेत. माझा राहण्याचा परवाना तुमच्या परवान्याला टाचणीने जोडलेला, त्यामुळे आपण नवरा-बायको म्हणून याच पत्त्यावर एकत्र राहतो की नाही, एवढंच त्यांना बघायचंय. आणि तुम्हाला इथून जाऊन साडेसहा महिने झाले. राहत नाही असं ठरलं, तर मला साठ दिवसांत देश सोडावा लागेल. पत्र शिवणाच्या दुकानात, कामावरच उघडलं. वाचलं आणि हातातल्या पँटचा एक पाय दोन बोटं जास्त कापला गेला. गिऱ्हाइकाची समजूत मालकीणबाईंनी काढली आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट त्यांनीच ओळखीची एक वकीलबाई गाठून दिली.

वकीलबाई म्हणाल्या, तालीम म्हणून मी एकदा घर बघून जाते. झालं! कोणी घरी येणार म्हटलं की आपल्याला दुसरं सुचतं काय? दोन दिवस घर घासून काढलं. उशांना नवे अभ्रे घातले, ब्रश-कंगवे कपाटात कोंबले, लग्नात मिळालेले कप खोक्यातून पहिल्यांदा बाहेर काढले. बाई आल्या त्या दारातच थबकल्या. म्हणाल्या, सुरेख आहे हो, पण इथे माणसं राहतात कुठे? फर्निचरच्या दुकानाच्या काचेत मांडलेलं घर वाटतंय. तपासणीवाल्यांना पहिला संशय असल्याच घराचा येतो म्हणे. दोन दिवसांच्या मेहनतीवर पाणी! राहत्या घरासारखं घर करून ठेवा, असं बजावून त्या खुर्चीवर बसल्या.

म्हणजे ज्या पसाऱ्यावरून अकरा वर्षं तुमच्याशी भांडले, तोच मी माझ्या हातांनी मांडायला घेतला. पलंगावर ओला टॉवेल टाकायचा होता, तर कोरडा टॉवेल नळाखाली धरून मुद्दाम भिजवला. तुम्ही बघितलं असतंत तर वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला असता तुम्हाला. काय कुठे टाकायचं हे मात्र मला एकदाही आठवावं लागलं नाही. चष्म्याचं घर फ्रिजवर, शब्दकोड्यांची वही संडासाच्या खिडकीत, एक मोजा सोफ्याखाली, दुसरा कुठे ते तुम्हालाही कधी सापडलेलं नाही. हात आपोआप जात होते. मोजा ठेवताना खाली वाकले आणि मला रडू आलं. वकीलबाईंना वाटलं, धूळ गेली डोळ्यांत. एवढं घासलेल्या घरात धूळ कुठली?

मग त्यांनी प्रश्नांची यादी काढली. नवरा पलंगाच्या कोणत्या बाजूला झोपतो, कोणता गुडघा दुखतो, चहात साखर किती घेतो. मी धडाधड सांगत गेले. रागावला की काय करतो, यावर म्हटलं, बोलत नाहीत, भांडी घासतात. त्या म्हणाल्या, असा राग आमच्याकडे का नाही! शेवटचा प्रश्न होता, शेवटचं एकत्र कधी जेवलात? मला तारीखसुद्धा पाठ आहे. पण मी चहा ठेवायला उठले. बाईंनी स्वतःच ‘काल’ असं लिहिलं आणि हे पाठ करा म्हणाल्या.

खोटं बोलायला मी काही शिकायला हवं असं नाही. दर रविवारी सासूबाईंचा फोन येतो, आणि दर रविवारी तुम्ही अंघोळीला गेलेले असता. परवा त्या म्हणाल्या, त्याला सांग, एवढ्या अंघोळी करून कातडं निघेल. त्यांना काय कळायचं ते कळलंय, पण त्याही विचारत नाहीत. एवढं सराईतपणे खोटं बोलणारी मी, पण तो ‘काल’ काही केल्या पाठ होईना.

शेवटचं एकत्र जेवलो त्या संध्याकाळी मी म्हणाले होते, तुम्ही या घरात नुसते कागदावर आहात. सलग दोन पाळ्या करून आलेल्या माणसाला असं कोणी बोलतं का? जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला त्या दिवशी लाजही नव्हती. तुम्ही सगळी भांडी घासलीत, घासलेली होती तीसुद्धा. सकाळी तुमच्या कामाच्या गोदामाजवळच्या खोलीवर गेलात. आधी चार दिवसांसाठी, मग आठ दिवसांसाठी, मग कोणी विषयच काढला नाही. मी तरी कुठे फोन केला? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली मी. चुकलं माझं. हे साडेसहा महिन्यांपूर्वीच म्हणायला हवं होतं.

वकीलबाईंचं म्हणणं सरळ आहे. नवऱ्याला कळवा, गुरुवारी सकाळी घरातल्या चपला घालून बसू दे, दोन तासांचं काम. त्या म्हणाल्या म्हणून हे पत्र लिहायला घेतलं, कारण फोनवर मला धड बोलता आलं नसतं. तुम्ही याल हे मला ठाऊक आहे, पाळी बुडवून याल. म्हणूनच सांगते, गुरुवारी येऊ नका. त्या दिवशी आलात तर परवान्यासाठी आलात की माझ्यासाठी, हे मला जन्मात कळणार नाही आणि विचारायचं धाडसही होणार नाही. मी तपासणीवाल्यांना खरं सांगणार आहे. मालकीणबाईंनी माझ्या कामाबद्दल पत्र दिलंय, त्यावर माझ्या एकटीच्या नावाने अर्ज करतेय. वकीलबाईंनी कपाळावर हात मारला, मग अर्ज लिहून दिला. तुमचा परवाना तुमच्या नोकरीवर आहे, त्याला धक्का लागत नाही, हे दोनदा विचारून घेतलंय. मला राहू देतील की नाही, कोण जाणे. दुकानातलं खिडकीजवळचं मशीन आता कुठे माझं झालं होतं. भीती वाटते, खूप वाटते. मांडलेला पसारा आवरून ठेवलाय, टॉवेल तेवढा वाळत घातलाय. शुक्रवारी तुमची सुट्टी असते. शुक्रवारी या. तेव्हा तपासायला कोणी नसेल. अंघोळ इथेच करा, आणि टॉवेल कुठे टाकायचा तिथे टाका. मी काही बोलणार नाही, निदान त्या दिवशी तरी.

कागदाशिवायही,
तुमचीच