उदगीरला जन्मलेली

मु. वाडी, ता. औराद, जि. बिदर (कर्नाटक)
१४ जुलै २०२५

धम्मानंद अण्णा,

सप्रेम जय भीम. आम्ही बरे आहोत. तुझी गुलबर्ग्याच्या शाळेत बदली झाल्याचं आईनं फोनवर सांगितलं. किती वर्षं मागत होतास, मिळाली एकदाची. इकडे पेरण्या उरकल्या, तूर वर आली.

रूपालीला अजून गावच्या शाळेत घेतलेलं नाही. सात वर्षांची झाली. खिडकीशी उभी राहून आतली पोरं म्हणतात ते म्हणते, तर हेडमास्तर हाकलतात. "महाराष्ट्राची हाय, उदगीरला घाला." का, तर जन्माचा दाखला उदगीरचा! अरे, पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरून दवाखाना उदगीरचाच जवळ. जीप तूच आणली होतीस. वरच्या आळीतल्या जगदेवप्पांचा नातूही त्याच दवाखान्यात जन्मला. तो पहिल्या बाकावर बसतो. आपल्या वस्तीच्या पोरीलाच तेवढी सरहद्द आडवी येते. उदगीरच्या शाळेत गेले तर ते म्हणाले, तुमचं आधार कर्नाटकचं.

म्हणून हायकोर्टात गेलो. कोर्टानं शिक्षण खात्याचं म्हणणं मागवलं, तेव्हा तालुक्याला चौकशी झाली, पोरीचा मामा आणि खात्यातलाच मास्तर म्हणून तुलाही बोलावलं. आता मी इतका वेळ टाळत होते ते लिहिते. त्या दिवशी मला आत घेतलं नाही, पण मी दाराबाहेरच होते. तुझा आवाज मला कळत नाही होय?

"पोरगी उदगीरलाच राहती, साहेब. बहीण माझी अडाणी हाय, कुणीतरी शिकवायलंय तिला."

आणि लगेच तुझी बदली झाली.

नोकरी आहे, वर साहेब आहेत, घाबरला असेल, असं मनाला खूप समजावलं. संताप जात नाही. आजोबांना शाळेबाहेर बसवायचे म्हणून चौदा एप्रिलला भाषण ठोकतोस ना? त्याच तोंडानं हे बोललास!

वकील नेत्रा मॅडम म्हणाल्या, "ते खोटं बोलले असं शपथेवर सांगावं लागेल. त्यांची नोकरी जाऊ शकते. सख्खा भाऊ आहे, विचार करा." काल आईही रडली, "भावाचं घर नको मोडू गं." मी म्हटलं, "पोरगी शाळंत कामून जायना, ते इचार की त्याला."

शपथपत्रावर मी सही केली आहे. त्यात तुझं पूर्ण नाव आहे, हुद्द्यासकट.

पुढच्या मंगळवारी सुनावणी आहे, तुलाही बोलावतील. रूपालीला घेऊन येणार आहे. मामा दिसला की ती पळत येईल, तिला मी काही सांगितलेलं नाही. काय सांगायचं ते तूच सांग.

रूपालीची आई,
मंगल