बांच्या अक्षरावरचा ठिपका

कासाब्लांका,
२ मार्च १९९४

चि. तुहामी यास थोरल्या बहिणीचे अ. उ. आ.

बांना अर्धांगाचा झटका येऊन महिना होत आला आणि मी इथे छापखान्यात अक्षरांच्या सोयरिकी जुळवत बसलेय, म्हणून तू मनातून चिडला असशील. चीड. बांच्या मासिकाचं नवं रूप त्यांच्या डोळ्यांदेखत निघावं, एवढ्यासाठी माझी धडपड चाललीय.

फ्रेंच पानांचं जमलं. अरबी पानांपाशी घोडं अडलंय. मजकुराला रोजच्या छापाचं, पूर्वेकडचं वळण घेतलंय. ते डोळ्याला सोपं. मथळ्याला मात्र मला आपलं जुनं मगरिबी वळण हवंय, बा लहानपणी मसीदमध्ये, कुराणाच्या शाळेत, पाटीवर गिरवायचे ते. दोन्ही शेजारी शोभतात, पण ठिपक्यांवरून भांडतात. इथली पोरं मथळे चुकीचेच वाचतात आणि वर मलाच हसतात.

सोबतची प्रूफं बांना दाखव. जीभ गेली तरी उजवा हात चालतोय ना? ते काय लिहितात ते कळव. आणि बायकोच्या, बतूलच्या जिवावर सगळं टाकून स्वतः चहा पीत बसू नकोस.

लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.

तुझी,
अफीफा

*

फेस,
९ मार्च

ती. लल्ला अफीफा हिच्या सेवेशी, बालके तुहामीचा सलाम वि. वि.

चहा पितपितच हे लिहितोय, रागावू नकोस. बांच्या अंगात जरा कणकण आहे, बाकी ठीक.

प्रूफं दाखवली. बांनी मथळ्यावरून बराच वेळ बोट फिरवलं आणि कागद मागून लिहिलं, फरह. आनंद! बतूल रडायलाच लागली. तसं ते आठवडाभर हाच शब्द लिहितायत, दिवसातून चार-चारदा. बतूलनं एक कागद भिंतीवर चिकटवलाय. आल्यागेल्याला मी तो दाखवतो, आणि एवढ्या दुखण्यातही म्हाताऱ्याचं काळीज बघा, असं सगळे म्हणतात. आम्ही टाळ्या वाजवतो, त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतो, मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागतं.

काल तुझं नाव लिहिलं. हात इतका थरथरतो की दोन्ही फ-चे ठिपके घसरून अक्षराखाली गेले. तुझं नाक खाली पडलं म्हणून मी त्यांना चिडवलं. तर मथळ्याला मंजुरी समज.

धाकट्यावर लोभ ठेवतेसच, वर दोन धपाटे कमी कर.

तुझा,
तुहामी

*

कासाब्लांका,
११ मार्च

तुहामी,

मायना राहू दे. दुपारपासून फोन लावतेय, लागत नाही, म्हणून हे फेसच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय.

बांचे ठिपके घसरलेले नाहीत. मासिकासाठी जन्मभर त्यांनी पूर्वेकडच्या पद्धतीनं, फ-च्या डोक्यावर, ठिपके दिले, पण झटक्यानंतर त्यांचा हात मसीदमधल्या वळणावर परतलाय. त्या वळणात फ-चा ठिपका अक्षराखालीच असतो. आणि वर एकच ठिपका असला, तर तो फ नव्हे, क. इथली पोरं मथळे वाचताना जी चूक करतात, तीच आपण करतोय. वर ठिपका दिलेला जो शब्द तू फरह वाचतोस, तो कर्ह आहे. जखम.

त्यांना कुशीवर वळवा. पाठ बघा, कंबरेखाली बघा. डॉक्टरला आत्ताच्या आत्ता बोलव. मी सकाळच्या गाडीनं निघते.

अफीफा

*

फेस,
२ एप्रिल

ती. लल्ला अफीफा हिच्या सेवेशी, तुहामीचा सलाम.

तू आलीस तोवर बा गेले होते. नंतर तू इथे राहिलीस, पण आदल्या संध्याकाळचं माझ्याच्यानं तोंडानं सांगवलं नाही. म्हणून लिहितो.

तुझं पत्र हाती पडताच आम्ही त्यांना वळवलं. माकडहाडाची जखम हाडापर्यंत गेली होती. विष रक्तात भिनलंय, असं डॉक्टर म्हणाला. बतूल भिंतीवरचा कागद ओरबाडायला धावली. मी कागद घेतला आणि बांच्याच ठिपक्यात लिहून विचारलं, कर्ह? त्यांनी डोळे मिटून होकाराची मान हलवली. त्यांच्या दुखण्याला आम्ही टाळ्या वाजवत होतो, लल्ला.

मग त्यांनी पेन मागितलं. ते हातात धरून ते कितीतरी वेळ नुसते विचार करत राहिले. मला वाटलं, हात उचलवत नाहीये. शेवटी दोनच शब्द लिहिले, ला लौम. दोष नाही.

तू अक्षरांतली माणूस, तुझ्या लगेच लक्षात आलं असतं. मला तीन आठवडे लागले. त्या दोन शब्दांत एकाही अक्षराला ठिपका नाही. कुठल्याही वळणात लिहा, ते एकाच तऱ्हेनं वाचता येतात. मी पुन्हा चुकू नये म्हणून बा तेवढा वेळ तसे शब्द शोधत होते.

मथळ्याचा टाइप तू ठरव, मला विचारू नकोस. लोभ असू दे, असं मागायची लाज वाटते, तरी मागतो.

तुझा,
तुहामी