इंजिनखालचं लोखंड

अण्णा, तुम्ही माझ्या मोटरसायकलच्या इंजिनखाली जोडलेली जाड पट्टी मी आज सकाळी कापून काढली. ग्राइंडर तुमचाच आणि नवीन जालन्यातलं वेल्डिंगचं दुकानही तुमचंच. आता तिथे भाडेकरू खिडक्यांची ग्रिलं बनवतो आणि मला मागचा कोपरा वापरू देतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चकती लोखंडाला लावताना मी मागे वळून पाहिलं. कुणी ओरडलं नाही. कुणीतरी ओरडायला हवं होतं, असं फार वाटलं.

आपल्या या खेळाला शर्यत म्हणावं तर त्यात पळायचं नसतं. दगडगोट्यांवरून, दोन फितींच्या मधून गाडी न्यायची आणि पाय जमिनीला टेकू द्यायचा नाही. टेकला की गुण गेले. मी घरी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा आई कपाळाला हात लावून बसली होती. तुम्ही एवढंच विचारलंत, "जोरात न्हाई जायचं ना?" मी म्हटलं, न्हाई. "मंग काय भ्यायचं? हळू चालवणाऱ्याला लागत न्हाई." हे साफ चूक होतं अण्णा, पण तुमच्या त्या चुकीमुळेच मला गाडी मिळाली. भंगारातली जुनी मोटरसायकल तुम्ही ओढत आणलीत, नि मला अजून दिसतं, डोळ्यांवर काळी काच, आई जेवायला हाका मारतेय आणि तुम्ही पाइपाला पाइप जोडत बसला आहात. मी म्हणतेय, एवढा जाड पत्रा नको, गाडी उचलणार कशी? तुम्ही काच वर करून माझ्याकडे बघता. "दगड इंजिनला लागला काय अन् तुला लागला काय, एकच हाय. लोखंडात कंजुषी करायची न्हाई, बिलकुल न्हाई." तेव्हा माझ्या खांद्यांत जोर होता. मी ती गाडी पुढच्या चाकावर, मागच्या चाकावर, जशी पाहिजे तशी नाचवली.

गेल्या थंडीत उजवा खांदा निखळला. बसवला. एका दगडावर चाक उचलताना पुन्हा निखळला. डॉक्टर म्हणाले, भाजीची पिशवी चालेल, गाडी ओढणं नको, आता निखळला तर हे कायमचं बंद. मी मान हलवून आले आणि मनात म्हटलं, मग गाडीच हलकी करते. तुम्ही हसाल, पण मला दुसरं काही सुचेना. आठवडाभर मी बियाण्यांच्या कंपनीत संगणकापुढे बसते. नवरा सोडून माहेरी आलेल्या बाईकडे लोक कसं बघतात ते तुम्हाला पाहावं लागलं नाही, बरं झालं. नाल्यातल्या दगडांवर मात्र पुढचं चाक कुठे टेकवायचं, एवढाच प्रश्न असतो. बाकी सगळं डोक्यातून जातं. हे गाडी चालवणंही गेलं तर मी काय करू? खरंच विचारतेय.

म्हणून आधी सीट काढली, मग दिवा, बॅटरी, स्टँड, मागचा मडगार्ड. टाकी काढून लहानसा प्लॅस्टिकचा डबा बसवला. तरी चाक उचलताना खांदा कळवळायचाच. मग मी पट्टीला भोकं पाडली, जाळीसारखी. दोन भोकं जोडाच्या फार जवळ गेली आणि तिथेच भेग पडली. तुमच्या ओळखीतल्या वेल्डरकडे गेले आणि सांगितलं, काका, नुसता बारीक टाका मारा. संध्याकाळी आणायला गेले तर भेगेवर वरून एक पट्टी आणि खालून एक! "पोरी, पैसे न्हाई घेणार. तुझ्या बापानं मला हातात वेल्डिंगचा होल्डर धरायला शिकवलं. आता बराबर मजबूत झाली, हत्ती बसवला तरी हालणार न्हाई." करायला गेले गणपती, झाला मारुती. या गावात लोखंड घालायला सगळ्यांना येतं, काढायला कुणाला येत नाही. मी त्यांच्या पाया पडले आणि गाडी ढकलत निघाले. रस्ताभर रडत होते.

आज ते सगळंच कापलं. तुमचा जोड, त्यांचा जोड, सगळं. जागेवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावला आणि दुपारी तीर्थपुरीच्या रस्त्याला, आपण सरावाला जायचो त्या नाल्यात गेले. गाडी इतकी हलकी झाली होती की मला हसू आलं. पहिला दगड गेला, दुसरा गेला. तिसऱ्यावर पुढचं चाक अलगद वर आलं, जोर लावावाच लागला नाही, आणि तरीही खांदा सटकला. नुसता हात वर गेला म्हणून सटकला, अण्णा. गाडी अंगावर पडली, पण लागलंसुद्धा नाही. मी डाव्या हाताने तिला बाजूला सारलं आणि तशीच बसून राहिले. खांदा आपोआप जागेवर आला. गाडीतून काढण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

उद्या जांब समर्थच्या पलीकडे स्पर्धा आहे. मी जाणार नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहवतंय तरी. हात ओट्यावर टेकवून लिहितेय. आई शेजारी तव्यावर मीठ गरम करतेय, शेकायला. पडल्याचं तिला सांगितलं नाही, नुसतं दुखतंय म्हटलंय. मघाशी तिने विचारलं, "मंग उद्या जाऊन राह्यली ना?" मी म्हटलं, न्हाई, अण्णांनी गाडी लई भारी करून ठेवली, मला उचलवत न्हाई. तिने मिठाची पुरचुंडी बांधता बांधता तुमच्या फोटोकडे पाहिलं. "मी सांगितल्तं त्यांना, इतकं लोखंड घालू नका म्हणून. कधी कुणाचं ऐकलं का?" बराच वेळ ती तुम्हाला बोलत होती. मी तिला थांबवलं नाही.