गडग्यातलं भोक

बाबा, आज पुन्हा मोबाइलवर वादळाचा इशारा आलाय आणि मी पहार मागच्या दारी टेकवून नुसता बसलोय. काय करावं, खरंच कळत नाही. मागल्या वादळात मीच ताईला ऐटीत फोन केला होता, "समुद्राकाठी कशाला थांबतेस? वर हातखंब्याला ये. इथे कसलं आलंय वादळ!" ती आली, पोरं आणि सुक्या मासळीचा डबा घेऊन. वाऱ्याने आमची दोन कौलं गेली, बस. पण दुपारी मागच्या दाराने पाणी शिरलं, गुडघाभर. ताई खाटेवर पाय घेऊन बसलीय आणि म्हणतेय, "दर्या सोडून तुज्या सैपाकघरात बुडायला आले काय रे मी?" सगळे हसले. मला मात्र हसू येईना.

कारण मला तुम्ही दिसत होतात. परड्यात जांभ्याचा गडगा रचताय, मी आठेक वर्षांचा. पावसाळ्यात पऱ्या वाहायचा त्या जागी तुम्ही गडग्याच्या तळाशी हातभर भोक ठेवलंत. त्यातून साप येईल म्हणून मी ते दगडांनी बुजवलं, शाबासकीच्या आशेने. तुम्ही हातातला चिरा खाली ठेवून माझा कान पिळलात. "गडगा गुरांसाठी घालायचा, पान्यासाठी न्हाय." एवढंच बोललात आणि सगळे दगड मलाच काढायला लावलेत.

आता त्या गडग्याला प्लास्टर आहे, पऱ्यात नव्या रस्त्याच्या कामाचा भराव आहे आणि भरावावर कॉलनी. भिंतीपलीकडे, खालच्या अंगाला, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई एकट्या राहतात. भोक पाडलं तर पाणी थेट त्यांच्या घरात. नाही पाडलं तर ते आमच्याकडे तुंबणार, आणि ताई पुन्हा पोरांना घेऊन यायला निघालीय. तिला ये म्हणू की नको म्हणू? सकाळी धीर करून बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पाडा हो. मी देव घेऊन माळ्यावर बसेन. पण आधी भोक होतं म्हणता, तर बुजवलंन कोणी?"

मी म्हटलं, रस्त्याच्या कंत्राटदाराने.

हे पत्र कुठे टाकणार मी? तुम्हाला तरी खरं सांगतो. सिमेंट मीच कालवलं होतं, तुमच्याच थापीने. तुमच्या वर्षश्राद्धाला पाहुणे यायचे होते, भिंत नीटस दिसावी म्हणून.